मुलगी, बाहेर, मोठ्याने

त्या यादीत मी मोटारसायकल आणि कुकरच्या मधे होते. वर ‘०६:१२ – मोटारसायकल, बाहेर’, खाली ‘०९:३० – कुकर, दोन शिट्या’, आणि मधल्या ओळीत ‘०७:४१ – मुलगी, बाहेर, मोठ्याने’. नाव नाही, गाव नाही. मुलगी. यादी बाबांच्या टेबलावर कपाखाली दाबून ठेवलेली होती आणि कपाच्या बुडाचा ओला गोल नेमका माझ्याच ओळीवर उमटला होता, चोर सापडल्यासारखा. मी उभ्याउभ्याच ती तीनदा वाचली. सात मिनिटं एकेचाळीस सेकंदांना मी काय करत होते ते मला लख्ख आठवत होतं. शाळेतून पळत आले होते, दप्तर अजून पाठीवरच होतं, आणि वक्तृत्व स्पर्धेच्या शेवटच्या फेरीसाठी माझी निवड झालीय हे स्वयंपाकघरात आईला सांगत होते. ओरडले, कबूल. असल्या बातम्या कोणी कुजबुजत नाही. पण ‘बाहेर’? आमचं स्वयंपाकघर बाहेर कधीपासून गेलं? मोटारसायकलवाला बाहेरचा, गल्लीतला लोखंडी जाळ्या कापणारा बाहेरचा, मागे घेताना टुंटुं करणारी कचऱ्याची गाडी बाहेरची, हे मी समजू शकते. मी याच घरात रांगले, इथेच माझे दुधाचे दात पडले, बाबा काम करतात त्या खोलीच्या दाराच्या चौकटीवर पेन्सिलीने माझी उंची लिहिलेली आहे, दर वर्षाची. आणि मी बाहेर. कुकरच्या शिट्यासुद्धा मोजल्या होत्या, दोन म्हणून. मी काय म्हणत होते ते लिहायची मात्र कुणाला गरज वाटली नव्हती.

बाबा पुस्तकं वाचतात. म्हणजे सगळेच वाचतात, पण बाबांचं ते काम आहे. ज्यांना डोळ्यांनी दिसत नाही त्यांच्यासाठी एक संस्था पुस्तकं आवाजात करून घेते, आणि बाबा घरी मायक्रोफोनसमोर बसून ती वाचतात. त्याआधी ते रेडिओवर बातम्या द्यायचे. मी सहा वर्षांची असताना ते केंद्र बंद पडलं आणि बाबा मायक्रोफोन, एक खुर्ची आणि गळ्यात मफलर घालायची सवय एवढं घेऊन घरी आले. वाचून झालेलं प्रकरण ते संस्थेला पाठवतात, तिथे एक बाई ते ऐकते आणि जिथे जिथे नको तो आवाज आलाय तिथली वेळ लिहून परत पाठवते. तिला आम्ही कुणी कधी बघितलेलं नाही. आई तिला कानबाई म्हणते. “मुंगी शिंकली तरी लिहून पाठवेल तुमची कानबाई,” असं आई म्हणते आणि बाबा हसत नाहीत, कारण कानबाईच्या यादीवर त्यांचं सगळं अवलंबून आहे. यादी आली की प्रकरण पुन्हा. या खेपेला तीन प्रकरणं परत आली होती आणि यादीच्या शेवटी एक ओळ होती: बारा खंडांच्या विश्वकोशासाठी आपला विचार आहे, मात्र आधी खोली शांत करून दहा मिनिटांची शांतता नमुन्यादाखल पाठवावी. बारा खंड! बाबांनी ती ओळ आईला दोनदा वाचून दाखवली. बारा खंड म्हणजे कितीतरी वर्षं. बारा खंड म्हणजे कितीतरी वर्षं मी चवड्यांवर चालायचं.

कारण बाबांचे दोन आवाज आहेत. एक खोलीतला, मायक्रोफोनसमोरचा, जाड आणि ऊबदार, जसं काही एखादं मोठं दार तेल घातलेल्या बिजागरीवर सावकाश उघडतंय. त्या आवाजात त्यांनी ज्वालामुखी वाचलेत, राजांची युद्धं, बटाट्याच्या झाडाचे रोग. बटाट्याचे रोगसुद्धा असे वाचलेत की मला बटाट्याची दया आली होती. दुसरा आवाज घरातला. तो जवळजवळ नाहीच. घसा जपायचा म्हणून बाबा घरात खुणांनी बोलतात. तळहात खाली दाबला की गप्प, दोन बोटं वर केली की चहा, भुवया उचलल्या की ‘अभ्यास झाला का’. मी खुणांत वाढले. शाळेत पहिली काही वर्षं मीही बोलायचे नाही, हातच हलवायचे. आत्या मला ‘मुकी’ म्हणायची, लाडाने, पण म्हणायची. आणि या वर्षी, कसं कोण जाणे, भाषेच्या बाईंनी कविता वाचायला उभं केलं आणि माझ्या तोंडातून जे बाहेर आलं ते ऐकून मीच दचकले. एवढा मोठा आवाज! माझा! शेवटच्या बाकापर्यंत गेला, खिडकीतून मैदानावर गेला, खेळणारी मुलं वर बघायला लागली. त्या दिवसापासून मी थांबलेलेच नाही. मी वर्गात बोलते, जिन्यात बोलते, रांगेत उभी असताना पुढच्या अनोळखी बाईशी बोलते. पंधरा वर्षांचं साठलेलं आहे, कुठेतरी जायला नको का ते? आई म्हणते, “या घरात मी एकटीच बोलकी होते, आता तूही. ते बिचारे कुठे जातील?” ते बिचारे! ते खोलीत जातात आणि दार लावतात.

आणि मग टाळी. हे कुणालाच माहीत नाही, भाषेच्या बाईंनासुद्धा नाही. वाचताना चूक झाली की बाबा एक टाळी वाजवतात, एकच, कोरडी, आणि तेच वाक्य पहिल्यापासून वाचतात. नंतर संगणकाच्या पडद्यावर आवाजाची रेघ दिसते ना, त्यात ती टाळी सुईसारखी ताठ उभी दिसते. तिथलं चुकलेलं कापून टाकायचं, बरोबर ठेवायचं. वाचणाऱ्यांची ही साधी युक्ती आहे. पण मी ती सहाव्या वर्षापासून भिंतीतून ऐकत आले. आमच्या घरात टाळी म्हणजे चूक. आईच्या हातून भाजी करपली तर आई टाळी वाजवते. आत्या नातेवाइकांची नावं चुकवायला लागली की आई टाळी वाजवते आणि म्हणते, “वन्सं, पहिल्यापासून.” घरात सगळे हसतात. मीही हसायचे. आणि मग त्या आधीच्या फेरीत, शाळेच्या सभागृहात, ‘जुन्या वस्तू टाकून द्याव्यात’ या बाजूने मी बोलत होते, फार छान चाललं होतं, हात सैल होते, पाय जमिनीवर होते, आणि मी म्हणाले, “कपाटात नुसती ठेवलेली वस्तू ही वस्तू नसते, ती अडलेली जागा असते,” आणि पुढच्या रांगेतून कुणीतरी टाळी वाजवली. एकच. आवडलं म्हणून. आणि मी थांबले आणि तेच वाक्य पहिल्यापासून म्हणाले. मी नाही म्हणाले, माझी जीभ म्हणाली, पाय आपोआप पायरी शोधतो तशी. पुन्हा टाळी. पुन्हा तेच वाक्य. तिसऱ्या वेळी मात्र हसण्याचा आवाज आला. मी कशीबशी पुढे गेले. परीक्षकांनी शेऱ्यात लिहिलं, ‘मुद्दा ठसवण्याची स्वतंत्र शैली’, आणि मला वर पाठवलं. माझी बाकावरची शेजारीण मात्र म्हणाली, “काय गं, सुई अडकली का तुझी?” मी खूप हसले, तिच्याहून जास्त. घरी येताना बसमधे माझे कान इतके तापले होते की खिडकीच्या काचेला टेकवून ठेवले. आता शनिवारी शेवटची फेरी. मोठं सभागृह, सगळ्यांचे आईबाप, आणि टाळ्या. लोक मला टाळ्या देतील आणि मी एकाच वाक्यावर उभी राहीन, शनिवारपासून रविवारपर्यंत.

सराव करायला हवा होता. पण कुठे? कानबाईची ओळ आल्यापासून घराचं रणांगण झालं होतं. ती खोली दिवसभर बाबांची आणि संध्याकाळपासून माझी असायची; आता माझा पलंग दिवाणखान्यात आला आणि पुस्तकं चपलांच्या कपाटावर. आधी अंड्यांचे पुठ्ठे. बाबांना कुणीतरी सांगितलं होतं, म्हणून दोन महिने आम्ही गल्लीतल्या प्रत्येक दुकानातून ते गोळा करत होतो आणि भिंतीवर चिकटवत होतो, मीही चिकटवले, बोटांना डिंक लागून लागून माझे ठसे गेले. मग सुतारकाका आले, भिंतीकडे बघितलं, आणि म्हणाले, “साहेब, कोंबड्या कुठायत?” मग त्यांनी समजावलं की पुठ्ठ्यांनी खोलीतला घुमारा जातो, बाहेरचं काही अडत नाही. “बाहेरचं अडवायचं तर वजन पाहिजे आणि फट नको. माझं एकच सांगणं आहे. जिथून हवा, तिथून आवाज.” हे वाक्य ते दिवसातून दहा वेळा म्हणायचे, स्क्रू पिळता पिळता. भिंतीच्या पुढे दुसरी भिंत आली, मधे दगडाच्या धाग्यांची लोकर, जिच्यामुळे आम्ही तिघंही आठवडाभर मान खाजवत होतो. खिडकीला दुसरी काच, थोडी तिरकी. दाराला दुसरं दार, इतकं जड की ते लावताना घराने घोट गिळल्यासारखा आवाज व्हायचा, आणि चौकटीला चारही बाजूंनी काळी रबरी पट्टी. माझ्या उंचीच्या खुणांवरूनच गेली ती पट्टी. मी म्हणाले, “काका, तिथे माझी सातवीपर्यंतची उंची आहे हो.” सुतारकाका थांबले, बाबांकडे बघितलं. बाबांनी तळहात हवेत फिरवला, म्हणजे चालू द्या. “आता कशाला मोजायची उंची,” काका मला समजावत म्हणाले, “आता वाढायची थांबलीस ना?” थांबले? मी? या वर्षी?

मी जिन्यात सराव केला, तर खालच्या मजल्यावरच्या आजोबांनी दार उघडून विचारलं की कोणी भांडतंय का. गच्चीवर गेले, तर जाळ्या कापायचं यंत्र सुरू झालं आणि माझं प्रत्येक वाक्य किसून निघालं. शाळेच्या स्वच्छतागृहात केला, तिथे आवाज मस्त घुमतो, पण बाईंनी बाहेरून विचारलं, “आत किती जणी आहात?” मी आईला म्हणाले, “सगळ्या शहरात एक शांत खोली आहे आणि ती आपल्या घरात आहे आणि मला तिथे जाता येत नाही, हे तुला विचित्र नाही वाटत?” आई औषधांच्या दुकानात दिवसभर उभी राहून आलेली, पाय बादलीत घालून बसली होती. “बाबांना विचार की.” “ते वाचतायत.” “मग जेवताना विचार.” “जेवताना ते घसा जपतात.” आईने टाळी वाजवली. “चुकलं. पहिल्यापासून. मला काही विचारूच नकोस.” आणि ती हसली आणि मी नाही हसले. मला एकदम तिचाही राग आला, त्या टाळीचा, त्या बादलीचा, आमच्या घरात सगळ्याचा विनोद होतो आणि कशाचंच उत्तर मिळत नाही याचा.

रविवारी दुपारी चाचणी झाली. आई आत्याकडे गेली होती. बाबा खोलीत बसून दहा मिनिटं नुसती शांतता ध्वनिमुद्रित करणार, आणि तेव्हा बाहेर नेहमीसारखा गोंधळ हवा, नाहीतर चाचणीला अर्थ काय? यंत्र चालूच होतं, गाडी येऊन गेली होती. बाबांनी कागदावर लिहून दिलं, कारण घसा जपायचा होता: ‘तू बाहेर राहून बोल. मोठ्याने. काहीही. दहा मिनिटं.’ आणि दार लागलं. घराने त्यांना गिळलं. मी स्वयंपाकघरात, बटणांच्या फळीपाशी उभी राहिले, कारण माझा फोन तिथे चार्जिंगला होता आणि वेळ बघायची होती. नऊ वर्षांत पहिल्यांदा मला घरात ओरडायची परवानगी मिळाली होती. अट एवढीच की ते ऐकू जाता कामा नये.

आधी भाषणच म्हणाले, सवयीने जपून. पहिला मुद्दा, दुसरा मुद्दा. सव्वादोन मिनिटांनी मला कंटाळा आला. समोर फ्रिज होता. फ्रिजला काय पटवायचं? आणि मग माझं तोंड स्वतःच निघालं. मी म्हणाले, बाबा, मी बाहेर नाहीये. मी स्वयंपाकघरात आहे. मी म्हणाले, तुम्ही ज्वालामुखीशी किती छान बोलता, बटाट्याशी किती छान बोलता, मला फक्त भुवया मिळतात. बटाटा व्हावं असं वाटतं मला कधीकधी. मी म्हणाले, तुमच्या टाळीमुळे मी भर सभागृहात तीनदा एकच वाक्य म्हणाले आणि सगळे हसले आणि मी कुणाला सांगितलं नाही, आता शनिवारी पुन्हा होणार आहे आणि मला भीती वाटते, इतकी की मला तिथे जायचंच नाही, आणि जायचंही आहे. मी म्हणाले, त्या पट्टीखाली माझी उंची आहे. मी म्हणाले, मला तुमचा तो आवाज हवा होता, एकदाच, नुसतं ‘जेवलीस का’ विचारायला. एवढं मोठ्याने मी मैदानावरही बोलले नव्हते. घसा खरवडून निघाला. फ्रिज मधेच थरथरून बंद पडला. मग वेळ संपली आणि मी नळाखाली तोंड धरलं.

दार उघडलं आणि बाबा बाहेर आले ते हसत. असे हसत की मला त्यांचे मागचे दातसुद्धा दिसले. “एक अक्षर नाही!” ते म्हणाले. त्या आवाजात. खोलीतल्या, मोठ्या दाराच्या आवाजात, स्वयंपाकघरात, मला. “एक अक्षर ऐकू आलं नाही गं! काय बोलत होतीस?” मी म्हणाले, “भाषण.” “छान, छान,” असं म्हणून त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि तो लगेच काढला, काम आठवल्यासारखा. मग संगणकावर बसले आणि ती दहा मिनिटं तशीच पाठवून दिली. मी विचारलं, “ऐकणार नाही आधी?” आयुष्यभर स्वतःचा श्वास न् श्वास तपासून पाठवणारा माणूस म्हणाला, “त्यात ऐकायचं काय? शांतताच तर आहे.”

बुधवारी उत्तर आलं. मी शाळेतून आले तेव्हा बाबा यादी हातात धरून खोलीच्या दारात उभे होते. एवढी छोटी यादी कधीच आली नव्हती. एकच ओळ. ‘०२:१५ ते ०९:५० – मुलगी, बाहेर. शब्द कळतात. खोली नापास.’ आणि त्याखाली, जिथे कानबाई कधीच काही लिहीत नाही, तिथे: ‘आवाज वाढवून एकदा ऐकावे.’ बाबांनी माझ्याकडे बघितलं नाही. ते खोलीच्या आत भिंतींवरून तळहात फिरवत चालले होते, सुतारकाकांसारखे, आणि कोपऱ्यातल्या बटणांच्या फळीपाशी त्यांचा हात थांबला. त्याच भिंतीच्या पलीकडे स्वयंपाकघरातली फळी. एकाच भोकाला दोन्हीकडून दोन फळ्या. मधे लोकर नाही, वजन नाही, काही नाही. मी नेमकी तिथेच उभी राहून बोलले होते. जिथून हवा, तिथून आवाज. पलीकडे मायक्रोफोन आणि अलीकडे मी. बाबांच्या कानांनी पन्नाशी ओलांडलीय, मायक्रोफोनच्या कानांनी नाही. बारा खंड माझ्या तोंडाने घालवले. याचं मला वाईट वाटायला हवं होतं आणि वाटतही होतं, पण त्याखाली असा काही राग होता की दप्तर काढून फेकावंसं वाटलं: माझं तेवढं एक बोलणं धड पोचलं आणि तेही नापास!

बाबा खुर्चीत बसले. कानांवर हेडफोन चढवले. पडद्यावर शांततेची रेघ आली, सपाट, नुसती जराशी लव असलेली. त्यांनी आवाज वाढवला आणि ती लव वाढायला लागली, गवत झाली, झुडपं झाली, डोंगर झाले. ते सगळं मी होते. मी म्हणाले, “बाबा, ते नका ऐकू.” हेडफोन लावलेल्या माणसाला कसं ऐकू जाणार? मी दारात उभी राहिले. बाहेर यंत्र लोखंड कापत होतं. बाबांच्या चेहऱ्याकडे बघू नये म्हणून मी वेळेच्या आकड्यांकडे बघत राहिले. तीन, साडेतीन, म्हणजे बटाटा. पाच, म्हणजे टाळी. त्यांनी एकदा मागे नेऊन पुन्हा ऐकलं. पुन्हा मागे. तीनदा. मी मनात मोजत होते की ते कुठलं वाक्य असेल, आणि मला कळत होतं आणि कळू द्यायचं नव्हतं. साडेसात मिनिटं किती लांब असतात ते मला कधी माहीत नव्हतं. एवढ्या वेळात माणूस अख्खा ज्वालामुखी वाचून संपवतो.

त्यांनी हेडफोन काढले. मफलरचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं. आणि म्हणाले, “वाक्याच्या मधे श्वास घेतेस तू.”

मला वाटलं माझे कान फुटले. “काय?”

“शेवट घाईत होतो. शेवटचा शब्द गिळतेस. ‘एकदाच’ नंतर थांबायला हवं होतं.”

“बाबा!” मी ओरडले, आणि दोन भिंती, लोकर, तिरकी काच, सगळ्याने मिळून तो आवाज पिऊन टाकला, त्या खोलीत ओरडलं की काही उरतच नाही, त्याने तर आणखी संताप होतो. “मी एवढं बोलले आणि तुम्ही श्वास मोजलेत? कानबाई आणि तुम्ही सारखेच! तिने निदान ‘शब्द कळतात’ असं तरी लिहिलं. तुम्हाला कळले का? सांगा ना, काय ऐकलंत?”

“सगळं,” बाबा म्हणाले. घरातल्या आवाजात, त्या जवळजवळ नसलेल्या आवाजात. मायक्रोफोनची तार त्यांनी सरळ केली. मग, “मला दुसरं काय ऐकता येतं गं. एवढंच येतं.” ते खाली मायक्रोफोनकडे बघत होते, जसं काही माझ्याकडे बघून बोललं तर वाक्य चुकेल. मी दप्तर काढून दाराशी आपटलं. मग बाबा उठले, खुर्ची माझ्याकडे ढकलली आणि स्वतः भिंतीला टेकून जमिनीवर बसले. जड दार मी लोटायला गेले तर त्यांनी तळहात उभा धरला. ही खूण मला माहीत नव्हती. “राहू दे उघडं,” ते म्हणाले. “गुदमरतं इथे. बोल.”

“काय बोलू?”

“जुन्या वस्तू.”

मी बसले नाही, उभीच राहिले. कुठल्याही क्षणी निघून जाता येईल अशी. सुरुवात केली, फुगलेल्या तोंडाने, सपाट, त्यांना शिक्षा म्हणून. पण तिसऱ्या वाक्यापर्यंत मला ते जमेना. भाषण चांगलंच आहे ना माझं, काय करणार. हात सैल झाले. बाहेर जाळीवाल्याने यंत्र थांबवलं, पुन्हा सुरू केलं. मी म्हणाले, “कपाटात नुसती ठेवलेली वस्तू ही वस्तू नसते, ती अडलेली जागा असते,” आणि बाबांनी टाळी वाजवली. एकच. कोरडी. आणि माझी जीभ मागे गेली. “कपाटात नुसती ठेवलेली–”

“चूक नव्हती,” बाबा म्हणाले. “पुढे जा.”

“मला माहितेय चूक नव्हती! जीभच जाते मागे, मी काय करू? तुम्हीच लावलीत ना सवय.”

“हो.” ते म्हणाले. “पुन्हा.”

पुन्हा म्हणाले. टाळी. मागे. पुन्हा. टाळी. मागे. सातव्या वेळी माझ्या डोळ्यांत पाणी आलं, दुःखाचं नाही, दोऱ्याला गाठ बसल्यावर येतं तसलं. आई कामावरून आली, पिशवी हातात धरूनच दारात उभी राहिली आणि म्हणाली, “अहो, काय चाललंय? किती चुका करते ही?” आणि बाबा मोठ्या दाराच्या आवाजात म्हणाले, “ती चुकत नाहीये. मी कौतुक करतोय.” आई पिशवी खाली ठेवायची विसरली. मला हसू फुटलं, आणि हसू आलं की राग आणखीच येतो, आणि त्या दोन्हींच्या मधे कुठेतरी उभी राहून मी अकराव्यांदा म्हणाले, “कपाटात नुसती ठेवलेली वस्तू ही वस्तू नसते, ती अडलेली जागा असते.” श्वास घेतला. टाळी आली. ती माझ्या मानेवर बसली, पाठीतून खाली उतरली, जिभेला मागे ओढायला लागली. मी तिला ओढू दिलं, मागे मात्र गेले नाही. गल्लीत लोखंड किंचाळत होतं. त्याच्याहून वरच्या पट्टीत, शेवटचा शब्द न गिळता, मी म्हणाले, “आणि जागा माणसांसाठी असते.”